एका क्लचप्लेटचे वाचन

लालबाग-परळ भागात एखादा जुना पिकअप चढावर धापा टाकताना दिसला की पानवाल्यापासून वाहतूक हवालदारापर्यंत प्रत्येकजण एकच निदान करतो : ‘क्लचप्लेट गेली.’ हे निदान चुकीचे असतेच असे नाही. पुष्कळदा ते बरोबरही असते. अडचण एवढीच की त्यातून काही कळत नाही. ताप आला आहे असे म्हणणे आणि ताप कशाचा आहे हे सांगणे यांत जेवढे अंतर, तेवढेच येथेही.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून टाकलेल्या कविता ठेवल्या आणि त्यांवर आलेल्या अभिप्रायांचा अभ्यास १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात मांडला. वाचक कोठे कोठे अडखळतो याची जी यादी त्यांनी केली, तीत एक दोष ठरीव प्रतिसादाचा आहे. कविता समोर येताच मनात आधीपासून तयार असलेले उत्तर बाहेर पडते आणि कविता मात्र वाचायची राहून जाते. हा दोष आम्ही वर्षानुवर्षे वर्गात समजावून देत आलो. तोच आमच्या घरात, आमच्या वडिलांच्या बाबतीत, आमच्या हातून घडला. त्याची ही हकिकत आहे.

बाबा साचेवाले होते. नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की गिरणगावच्या बोलीत साचा म्हणजे कापड विणण्याचा माग आणि तो चालविणारा तो साचेवाला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांबरोबर बाबाही बाहेर पडले, आणि बहुतेकांप्रमाणे पुन्हा आत गेले नाहीत. संपानंतरच्या अशा घरांचे चित्र जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने १९९७ साली रंगभूमीवर आणले. ते नाटक आम्ही शिकवतो. पण संप संपला की नाही याचा कोणाला पत्ता नसताना, रोजची चूल पेटवण्यासाठी माणसे नेमके काय करू लागली, याचा तपशील आमच्यापाशी फारसा नसतो. बाबांपुरते सांगायचे तर त्यांनी वयाच्या अडतिसाव्या वर्षी गाडी चालवण्याचा परवाना काढला, बरीच वर्षे दुसऱ्याचा टेम्पो हाकला आणि पुढे जीपच्या सांगाड्यावर बांधलेला एक जुना पिकअप स्वतःचा म्हणून घेतला. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून मिरच्यांची, धण्यांची पोती भरायची आणि दादर, परळ, गिरगाव येथल्या दुकानांत उतरवायची, हा त्यांचा धंदा.

क्लच म्हणजे काय, हे त्यांनी आम्हांस साच्याच्या भाषेत सांगितले होते. जुन्या साच्याच्या बाजूला दोन पुल्या असत : एक दांड्याला घट्ट बसवलेली, दुसरी सैल, नुसती फिरणारी. वरच्या फिरत्या शाफ्टवरून येणारा पट्टा सैल पुलीवर असेल तोवर साचा उभा. मूठ ओढून पट्टा घट्ट पुलीवर सरकवला की साचा चालू. ‘गिरणी कधी थांबत नाही. आपण फक्त तिला धरायचं किंवा सोडायचं,’ असे ते म्हणत. मोटारीचा क्लच तेच करतो. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील फिरत असते. त्याच्याशी प्रेशर प्लेटने दाबून धरलेली क्लचप्लेट ती फिरकी गिअरबॉक्सला पोचवते. पायाखालचे पेडल दाबले की केबल ओढली जाते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, ते बेअरिंग प्रेशर प्लेटची स्प्रिंग दाबते आणि प्लेट सुटते. पाय सोडला की पुन्हा पकड. या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत प्लेट घासत असते. सुरुवातीला थोडे घासणे आवश्यकच आहे, नाहीतर गाडी गचका खाऊन बंद पडेल. पण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या वेगांतला फरक जेवढा वेळ टिकतो, तेवढा वेळ शक्तीची उष्णता होत राहते आणि प्लेटचे अस्तर जळत राहते.

२०१३ च्या श्रावणात पिकअप करी रोडच्या पुलावर दमू लागला. मुंबईचा हा भाग सपाट. येथे चढ म्हणून जो काही आहे तो रेल्वेच्या पुलांचा. चिंचपोकळी, करी रोड, दादरचा टिळक पूल : भरलेल्या गाडीची परीक्षा तेथेच होते. बाबा ॲक्सिलरेटर दाबत, इंजिन ओरडे, पण वेग वाढत नसे. शेजारपाजारच्यांनी एकमुखाने निकाल दिला : प्लेट गेली. आम्हीही मान डोलावली. आठच महिन्यांपूर्वी नवी प्लेट बसवली होती; ती स्वस्तातली असणार, असे म्हणून आम्ही मोकळे झालो.

बाबांचे जुने ओळखीचे एक मिस्त्री परळच्या एका गल्लीत, रेल्वेच्या भिंतीला लागून काम करीत. त्यांच्याकडे गाडी नेली. आम्ही आत शिरतानाच निदान सांगून टाकले. मिस्त्री हात पुशीत म्हणाले, ‘‘सर, प्लेट गेली हे बोलायला मिस्त्री कशाला पाहिजे? ती का गेली ते बघू.’’

त्यानंतर त्यांनी जे केले ते आम्ही तोंडात बोट घालून पाहिले. कारण वर्गात ज्याला आम्ही बारकाईचे वाचन म्हणतो, ते याहून वेगळे नसते. त्यांनी पाना हाती घेतला नाही. आधी तळहाताने पेडल हळूच दाबून पाहिले. पेडल दाबताना पहिले दोन-अडीच सेंटिमीटर ते मोकळे जायला हवे, बेअरिंगला स्पर्श त्यानंतर व्हावा. येथे ती मोकळीक जवळपास संपली होती. गंमत अशी की प्लेट झिजते तशी ही मोकळीक वाढत नाही, घटते. अस्तर पातळ झाले की स्प्रिंगची टोके बेअरिंगच्या दिशेने सरकतात. वेळोवेळी केबल सैल करून मोकळीक राखली नाही, तर बेअरिंग सतत टेकलेले राहते आणि उरलेली पकडही सुटू लागते. तेव्हा त्यांनी आधी केबल सैल करून मोकळीक मिळवली. कारण दोष तेवढाच असता तर एका पान्याच्या दोन फेऱ्यांत काम संपले असते.

मग हँडब्रेक ओढून त्यांनी गाडी वरच्या गिअरमध्ये घातली आणि पाय हळूहळू उचलला. क्लचची पकड शाबूत असेल तर इंजिन तत्काळ बंद पडले पाहिजे. ते पडले नाही. आरामात चालत राहिले. म्हणजे प्लेट घसरते आहे, हे ठरले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पेडल पूर्ण दाबून, मनात चार-पाच आकडे मोजून, त्यांनी रिव्हर्स टाकला. किर्रर्र आवाज झाला असता तर क्लच पुरता सुटत नाही असे निघाले असते, आणि तो आजार अगदी उलट. आवाज झाला नाही. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ते कान लावून बसले. पेडल सोडलेले असताना घरघर असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा. दाबू लागताच घरघर सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंगचा. येथे पेडलवर पाय पडताच कोरडी, चिरकी घरघर येत होती.

‘‘आता खोलायचं,’’ ते म्हणाले.

गिअरबॉक्स उतरवून आतला ऐवज गोणपाटावर मांडला गेला तेव्हा संध्याकाळ झाली होती. प्लेट घसरण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळून अस्तरावर येणे. मिस्त्रींनी अस्तरावरून बोट फिरवले, वास घेतला, तेल नव्हते. अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजले होते आणि सगळीकडून सारखे झिजले होते. फ्लायव्हीलवर तापून निळसर डाग पडले होते. रिलीज बेअरिंगमधले ग्रीस वाळून गेले होते. पण मिस्त्री ज्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले ती होती प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची टोके. या टोकांना कारागीर बोटे म्हणतात. ती बोटे आरशासारखी चकचकीत झाली होती.

‘‘ही प्लेट ओझ्यानं नाही गेली,’’ ते म्हणाले. ‘‘माल खराब असता तर अस्तर तुटलं असतं, फाटलं असतं. हे नुसतं झिजलंय. बेअरिंग दिवसभर या बोटांना टेकून फिरलंय. ॲडजस्टमेंट चुकली म्हणावं तर शेवटच्या महिन्याभरात चुकली असंल. ही चमक आठ महिन्यांची हाय. गाडीनं नाही, पायानं खाल्ली ही.’’

कृतीबाहेर जाऊन लेखकाचा हेतू शोधू नये, असे विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली बजावले आणि आमच्या पिढीने ते प्रमाण मानले. मिस्त्री कृतीबाहेर कोठेच गेले नव्हते. तरी चालवणाऱ्याचा डावा पाय त्यांना त्या चकचकीत बोटांत स्वच्छ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी नवी प्लेट, नवे बेअरिंग बसवून गाडी तयार झाली. मिस्त्री बाबांना म्हणाले, ‘‘काका, एक चक्कर मारू. तुम्ही चालवा, मी बसतो.’’ ते मधल्या जागेवर बसले, आम्ही खिडकीशी. लालबागच्या नाक्यावरून करी रोडच्या पुलावर चढताना नेहमीप्रमाणे वाहतूक तुंबली. बाबांनी हँडब्रेक ओढला नाही. अर्धा क्लच धरून, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून त्यांनी गाडी चढावर तोलून धरली. पूल उतरल्यावर रस्ता मोकळा होता, गिअर बदलण्याचे कारण नव्हते, तरी डावा पाय पेडलवरून हलला नाही. आम्ही हे सारे पाहत होतो असे म्हणवत नाही. आम्ही समोरचा रस्ता पाहत होतो. मिस्त्री खाली पाहत होते.

गाडी परत येऊन उभी राहिली. मिस्त्री वाकले, पेडलच्या मागे हात घालून त्यांनी एक चप्पल काढली आणि बाबांच्या पायाशी ठेवली. ‘‘काका, चप्पल.’’

बाबांनी खाली पाहिले. त्यांचा डावा पाय अनवाणी होता. ‘‘ही कधी निघाली?’’ त्यांनी विचारले, आणि ते आमच्याकडे पाहू लागले. जणू हे आम्हांस ठाऊक असायला हवे.

ठाऊक असायला हवेच होते. त्या वर्षी चाळीच्या जिन्यात बाबांची चप्पल दोनदा मागे राहिली होती. दोन्ही वेळा आम्ही ती उचलून वर आणली, ‘अहो बाबा, लक्ष कुठे असते तुमचे?’ असे हसून म्हटले आणि विसरलो. त्यांना मधुमेह होऊन बारा वर्षे झाली होती. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसा बिघडतात आणि त्यांतही ज्या सर्वांत लांब, म्हणजे तळपायापर्यंत पोचणाऱ्या, त्या आधी. पायाला स्पर्श कळेनासा होतो आणि चप्पल निघाल्याचे माणसाला समजत नाही. ही माहिती आमच्या कपाटातल्या आरोग्यविषयक पुस्तकातही होती.

आता सारा पाठ जुळत होता. चालकाला क्लचची खबर देणाऱ्या गोष्टी चार. पहिली कान : इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला तर तो सावध होतो. बाबांचे कान वीस वर्षे साचेखात्याच्या खडखडाटात अर्धे गेलेले. दुसरी नाक : जळणाऱ्या अस्तराला एक उग्र वास येतो. पण मिरच्यांच्या पोत्यांनी ती गाडी अशी मुरली होती की त्या वासाला तेथे जागाच नव्हती. तिसरी वेगाची जाणीव, तर मुंबईच्या रस्त्यावर वेग मुळात असतोच किती? उरला पाय. पेडल कोठे धरते, कोठे सुटते हे तळव्याला कळायचे ते कळेनासे झाले, म्हणून बाबा पाय पेडलवरच ठेवू लागले. एकदा उचलला तर पुन्हा नेमका सापडेल याची खात्री त्यांना राहिली नव्हती. तो निष्काळजीपणा नव्हताच. आपल्या परीने ते जपूनच चालवत होते.

त्या पायाशेजारीच ब्रेक असतो. मिस्त्री ते बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. डाव्या पायाची जी दशा ती उजव्याची नसेल असे कोण सांगणार?

बाबा चहा सांगायला नाक्यावर गेले तेव्हा आम्ही मिस्त्रींना एक विनंती केली. तुम्हीच त्यांना सांगा की गाडीचा सांगाडा गंजला, गिअरबॉक्स निकामी झाला, आता ही चालवण्यात अर्थ नाही. म्हणजे ते दुखावणार नाहीत. मिस्त्रींनी थोडा वेळ विचार केला. ‘‘सर, गाडीवर खोटा आळ घेऊ नका,’’ ते म्हणाले. ‘‘काका मशीनवर काम केलेला माणूस हाय. त्यांना कळंल. मग ते दुसरी गाडी घेतील, आणि तुमच्यावर इश्वास ठेवणार नाहीत.’’

आम्ही गप्प राहिलो. वाचनाचा धंदा करणाऱ्या माणसाने वाचलेले लपवून ठेवायला निघावे, आणि तेही प्रेमाच्या नावाखाली, याची लाज वाटली हे खरे. पण सांगण्याचे धैर्य त्या लाजेतून आले नाही.

सांगण्याची वेळ आलीच नाही. चहा पिऊन झाल्यावर बाबांनी विचारले, ‘‘जुनी प्लेट कुठे आहे?’’ मिस्त्रींनी ती त्यांच्या हाती दिली. बाबांनी ती उजेडाकडे धरली. अंगठ्याने रिव्हेट चाचपले. मग प्रेशर प्लेट मागितली आणि तिची बोटे एकेक करून पाहिली. कापडात एखादा तुटलेला धागा शोधताना ते असेच पाहत असावेत. फारसा वेळ लागला नाही.

‘‘हा माझा पाय,’’ ते म्हणाले.

त्यांनी आमच्याकडे वळून विचारले, ‘‘तुला कधी कळलं?’’ आम्ही म्हणालो, ‘‘काल.’’ तेही पुरते खरे नव्हते. काल मिस्त्रींना कळले होते. आम्हांस आज, चप्पल वर आल्यावर.

त्याच आठवड्यात आम्ही त्यांना के.ई.एम.च्या ओपीडीत नेले. तेथल्या तरुण डॉक्टर बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक ताठ धागा तळपायाला निरनिराळ्या ठिकाणी टेकवला. हा धागा दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. जिथे स्पर्श कळेल तिथे ‘हो’ म्हणायचे. बाबा शाळकरी मुलासारखे उत्सुकतेने ‘हो’ म्हणत होते. मग एका जागेनंतर ते वाट पाहत राहिले. धागा टेकत होता, वाकत होता, उचलला जात होता. ते डोळे मिटून पुढच्या स्पर्शाची वाट पाहत होते. डॉक्टरांनी कागदावर एकामागून एक फुल्या मारल्या. डाव्या पायावर अधिक, पण उजव्यावरही होत्या. त्या खोलीत आमच्या मनात सारखी मिस्त्रींची ती पहिली कृती येत होती : पान्याला हात न लावता, तळहाताने, पेडलची मोकळीक पाहणे.

घरी आल्यावर बाबांनी किल्ली खुंटीला लावली आणि भाच्याला बोलावून घेतले.

आमच्या गल्लीच्या मंडळाची मूर्ती लहान. ती दरवर्षी बाबांच्याच पिकअपवरून गिरगाव चौपाटीला जात असे. लालबागपासून चौपाटीचे अंतर जेमतेम सात-आठ किलोमीटर, पण अनंत चतुर्दशीला भायखळा, नागपाडा करीत तेथे पोचायला रात्र सरते. क्लचचा त्याहून मोठा वैरी नाही. पुढची गाडी चार हात सरकते, आपण चार हात सरकायचे. नवखा चालक सारी रात्र अर्ध्या क्लचवर काढतो आणि पहाटे प्लेटची राख होते. त्या वर्षी, १८ सप्टेंबरला, गाडी भाच्याने चालवली. बाबा मधल्या जागेवर, मिस्त्री बसले होते तेथे बसले. आम्ही खिडकीला धरून चालत होतो. ढोलांच्या आवाजात भाच्याला काही ऐकू येणे शक्य नव्हते, म्हणून बाबांनी त्याच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला होता. पुढे जागा होऊ दे, पहिल्या गिअरमध्ये पाय पुरता सोडून ती जागा भर, मग न्यूट्रल कर, हँडब्रेक ओढ आणि पाय काढ : हे सारे ते गुडघ्यावर थापटून सांगत होते. दोन थापा म्हणजे पाय काढ. जे तळव्याला कळत नव्हते ते तळहाताला अजून कळत होते.

चौपाटीवर पोचलो तेव्हा उजाडले होते. भाच्याने बॉनेटवर हात ठेवून वास घेतला आणि मान हलवून काही नाही अशी खूण केली. बाबा गाडीतून उतरले, वाळूत दोन पावले चालले आणि थांबले. मग त्यांनी खाली वाकून दोन्ही चपला आहेत ना, ते पाहिले. आम्हीही पाहिले.